चौकशी खिडकी

पाडव्याला पैसे भरले, अकरा हजार.
पावतीवर ऋणालीने हिरव्या शाईत लिहिलं:
आठ ते दहा आठवडे.
चिपळूणहून गुहागरला येताना
मार्गताम्हान्याला उतरून मी पेढे घेतले,
कंडक्टरलाही दिला एक.

मग शेड घातली.
दोन पोफळी गेल्या त्यात, आणि बत्तीस हजार.
शालन म्हणाली, आधी गाडी तरी येऊ दे.
मी चुन्याने आखली तिची जागा,
तीन मीटर नव्याण्णव सेंटिमीटर,
माहितीपत्रकात होती तेवढी, बोटभर जास्त नाही.

गणपती आले घाणेकराच्या डोक्यावरून,
पाचव्या दिवशी गेलेही.
त्यांना काय, त्यांचं वाहन घरचं.

माझा शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा होता,
तो संपला.
दसऱ्याला किंमत वाढली,
तेवढं मात्र वेळेवर आलं.

काका, गाडी कारखान्यातून निघालीय.
काका, यार्डात आहे.
काका, चिप नाहीय.
केवढी असते, म्हटलं, ही चिप?
नखाएवढी, काका.
मी माझा अंगठा बघत बसलो.

चिडलो असतो.
घाणेकर म्हणतो, जाऊन राडा कर, त्याशिवाय हलत नाहीत.
पण मी एकोणतीस वर्षं
एसटीच्या चौकशी खिडकीत बसलो आहे.
जाळीला पडलेलं भोक, आत मी,
आणि माझं एकच वाक्य:
येईल, बसा.

असगोलीची एक बाई होती.
हातात डबा, कापडात बांधलेला,
नवरा चिपळूणला दवाखान्यात.
चार वेळा आली खिडकीशी.
चौथ्यांदा मी वर न बघताच म्हटलं, येईल.
गाडी मोडकाआगरला बंद पडली होती,
मला साडेदहालाच फोन आला होता.
ती बसली.
डब्यावर हात ठेवून बसली, दुपारी दोनपर्यंत.
मग कधी उठून गेली, मी पाहिलं नाही.
माझी जेवायची वेळ होती.

म्हणून ऋणालीचा आवाज
जिथे किंचित मऊ होतो,
ती जागा मला ठाऊक आहे. मीच बसायचो तिथे.

गुरुवारी विचारलं,
पोरी, तू खरं सांग. मी काही बोलणार नाही.
पलीकडे कुणाच्या तरी गाडीला हार घालत होते,
नारळ फुटल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या.
मग ती म्हणाली,
माहीत नाही, काका.

एवढंच.
हे दोन शब्द आमच्या खात्यात कुणी शिकवले नव्हते.
मी तिला थँक्यू म्हटलं. ती गोंधळली असावी.

शेड आता भरली आहे.
डिकीत नारळ,
मागच्या सीटवर जळाऊ लाकडं,
आणि पुढे, इंजिन असायचं तिथे,
घाणेकराची मांजर व्याली, तीन पिल्लं.
अधूनमधून घुरघुर येते.

संध्याकाळी मी खुर्ची टाकतो
उजव्या अंगाला, चुन्याच्या आत.
आधी नुसताच बसायचो.
एक दिवस शालन चहा घेऊन आली,
दुसरी खुर्ची ओढली, डावीकडे,
गुडघा धरत बसली,
आणि समोर भिंतीकडे बघत म्हणाली,
कुठे आलो?

पालशेत, मी म्हटलं.

हळू घ्या, उतार आहे.

वेळणेश्वरला तिचं माहेर.
दोन गाड्या बदलाव्या लागतात,
म्हणून गेली तीन वर्षं ती गेलेली नाही.
आम्ही अडूर ओलांडलं.
तिने पदर सावरला, जणू वारा लागतोय.
दिवेलागण झाली, बशीतला चहा संपला,
तेवढ्यात एक पिल्लू, तपकिरी,
लाकडांमागून निघालं आणि आमच्या आडवं गेलं.

शालन म्हणाली, थांबा.

थांबलो.